पडद्यावरील अक्षर आणि वाचकाचा डोळा

(बालाघाट जिल्ह्यातील ग्रामस्थ, शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्याचे नाव 'बालाघाट'. रस्त्यावरील पाटीवर ते वाचताना कोणी अडखळत नाही. परंतु तेच नाव संगणकाच्या पडद्यावर बारीक अक्षरांत उमटले, की 'ब'च्या पोटातील रेघ दिसेनाशी होते आणि 'घ'चा 'ध' वाटू लागतो. 'कटंगी' व 'लांजी' यांवरील अनुस्वार तर एक ठिपकाच! गावाचे नाव परिचयाचे असल्याने आपण सावरून घेतो. खसऱ्यातील खातेदाराच्या नावात अशी चूक राहिली, तर मात्र त्या शेतकऱ्याला तहसील कचेरीचे हेलपाटे घालावे लागतात.

नवे पडदे अधिक सुस्पष्ट असताना असे का व्हावे? पडद्यावरील अक्षर पिक्सेल नावाच्या सूक्ष्म ठिपक्यांनी बनते. पूर्वीच्या १०२४ बाय ७६८ ठिपक्यांच्या १५ इंची पडद्यावर एका इंचात सुमारे ८५ ठिपके असत. आजच्या १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या १४ इंची पडद्यावर सुमारे १५७ असतात. म्हणजे १६ ठिपके उंचीचे अक्षर पूर्वी पावणेपाच मिलिमीटर भरत असे, ते आता जेमतेम अडीच मिलिमीटरच्या आसपास येते. ठिपके वाढले, पण अक्षर आक्रसले.

देवनागरीस याची झळ अधिक बसते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा व रफार, खाली उकार, आणि मध्ये जोडाक्षर, असे तीन मजले एकाच उंचीत बसवावयाचे असतात. प्रा. र. कृ. जोशी यांनी 'मंगल' हा संगणकीय टंक घडविला. परंतु टंक कितीही उत्तम असला, तरी तो पुरेशा आकारात दाखविला तरच उपयोगी पडतो. हिंदी असो वा मराठी, लिपी एकच असल्याने अडचणही एकच आहे.

उपाय सोपा व बिनखर्चाचा आहे. अक्षर मोठे दिसावे म्हणून पुष्कळजण रेझोल्यूशनच कमी करतात. ते योग्य नव्हे. सपाट पडद्याच्या ठिपक्यांची संख्या ठरलेली असल्याने अक्षर धूसर होते. रेझोल्यूशन पडद्याच्या मूळ क्षमतेइतकेच ठेवावे आणि डिस्प्ले सेटिंग्जमधील 'स्केल' १०० वरून १२५ किंवा १५० टक्के करावे. अक्षर मोठे होते आणि रेखीवही राहते. ब्राउझरमध्ये तेवढ्यापुरते मोठे करावयाचे असल्यास कंट्रोल कळ दाबून अधिक चिन्हाची कळ दाबावी. मजकूर टंकताना झूम वाढविल्याने कागदावरील छपाईचा आकार बदलत नाही, हे कर्मचारी बंधूंनी निश्चिंतपणे ध्यानात ठेवावे.

शिक्षकांनी वर्गातील पडद्यावर पाठ दाखविण्यापूर्वी शेवटच्या बाकावर बसून तो स्वतः एकदा वाचावा. आपणांस जे तेथून वाचता येत नाही, ते मुलांनी वाचावे ही अपेक्षा अन्यायाची आहे.

ग्रामस्थांना माझी विनंती अशी की, दाखल्यावर शिक्का पडण्यापूर्वी पडदा आपल्याकडे वळवून घ्यावा, अक्षर मोठे करावयास सांगावे आणि आपले नाव व आकडे स्वतः वाचावेत. वाचता येत नसेल, तर वाचून घ्यावेत. यात संकोच कसला? आणि कर्मचाऱ्यांनीही अशी विनंती म्हणजे अविश्वास, असे मानू नये. नोंद ज्याची आहे, त्याच्या डोळ्यांस ती दिसली पाहिजे. पडद्याची सुस्पष्टता त्याच कसोटीवर पारखावयाची आहे.