अठरा वर्षांनंतर काय?



हातापायात जन्मतः उणीव असलेले मूल घरात आले, म्हणजे आईबाप, आप्तेष्ट, डॉक्टर सारे त्याच्याभोवती गोळा होतात. पण तेच मूल अठरा वर्षांचे झाले म्हणजे त्याच्याजवळ कोण उरते, हा प्रश्न आज आम्हांला आपणांपुढे मांडावयाचा आहे.

सोयी मुळीच नाहीत असे नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली जखमी सैनिकांसाठी निघाले; पुढे तेथे नागरिकांचीही सोय झाली. कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपुरात असा पाय घडवला, की तो लावून मांडी घालता येते, अनवाणी शेतातही जाता येते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी होते. परंतु ती अठराव्या वर्षापर्यंतच!

वाढत्या मुलाला कृत्रिम पाय वारंवार बदलावा लागतो. वाढ थांबली की घरच्यांना वाटते, सुटलो! वस्तुतः उरलेला अवयव ज्या वाटीत बसतो ती सैल होते, घासून जखम होते, पाय झिजतो. हे आयुष्यभराचे काम आहे. आजवर ते आईने सांभाळले. आता शिक्षणासाठी परगावी गेलेल्या मुलाने ते स्वतः सांभाळावयाचे. त्याला हे शिकवले कोणी? चौदाव्या-पंधराव्या वर्षापासूनच डॉक्टरांनी आईशी नव्हे, त्याच्याशी बोलावयास हवे.

आमच्या परिचयाच्या एका मुलीला जन्मतः डाव्या कोपराखाली हात नाही. भाकरी थापण्यापासून टंकलेखनापर्यंत तिचे काही अडत नाही. लग्नाचे वय झाले तसा घरच्यांनी कृत्रिम हाताचा आग्रह धरला. ती शांतपणे म्हणाली, “आई, हा हात मला नको आहे, तो तुला हवा आहे.” आम्ही त्या वेळी आईच्या बाजूने बोललो होतो. आज त्याची लाज वाटते. साधन वापरावे की नाही, हे ज्याच्या शरीराला ते लावावयाचे त्यानेच ठरवावयाचे असते.

२०१६ च्या कायद्याने चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांना सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के राखीव जागा दिल्या आहेत. कायदा दार उघडतो. उंबऱ्याशी मात्र आपण उभे असतो. दुकानात माणूस ठेवताना, भाड्याने खोली देताना, सोयरीक जुळवताना आपण आधी काय पाहतो?

अशा तरुणांना आपली कीव नको आहे. अठराव्या वर्षी इतरांना जे मिळते, ती स्वतःचे स्वतः ठरवण्याची मुभा, तेवढीच ते मागतात. ती देण्यास पैसा लागत नाही.