पन्हळ आणि गटार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी वर्षात तरुणांना व्यवसायाविषयी काही सांगावे म्हणून कार्यकारिणीने आम्हांला पाचारण केले, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमचा व्यवसाय कोणता, हे प्रथमच सांगितलेले बरे. कारण तो ऐकून पुष्कळांच्या भुवया उंचावतात. बंगळूर शहरात आम्ही घरांच्या छपरांवरील पन्हळी, गच्चीवरून पाणी जाण्याच्या वाटा आणि तेथून खाली उतरणारे नळ साफ करून देतो. इंग्रजीतील 'गटर' हा शब्द छपराच्या कडेच्या पन्हळीलाही चालतो आणि रस्त्याकडेच्या नालीलाही. मराठीत मात्र 'गटार' म्हटले की खालचीच वस्तू डोळ्यांपुढे येते. त्यामुळे आमच्यातील एकाच्या आत्याबाईंनी साताऱ्याहून विचारणा केली, "अरे, एवढे शिकूनसवरून बंगळुरात गटारे उपसतोस काय?"

आत्याबाईंना द्यावयाचे उत्तर हेच आजच्या भाषणाचे सूत्र आहे. वरची पन्हळ आणि खालचे गटार यांचा फार जवळचा संबंध आहे. वरची वाहती राहिली, तर खालच्यात माणूस उतरविण्याचे प्रसंग कमी होतात. हा संबंध ज्याला उमगला, त्यानेच या व्यवसायात पडावे, असे आमचे प्रांजळ मत आहे.

आपल्यापैकी ज्यांचे बालपण कोकणात गेले, त्यांना शाकारणीचे दिवस आठवत असतील. मृग लागण्यापूर्वी कौले उतरवायची, फुटकी बदलायची, वाशांवरचा कचरा झाडायचा, आणि पोफळीचे खोड उभे चिरून केलेली पन्हळ वळचणीखाली नीट बांधायची. या कामाला कोणी हलके म्हणत नसे. घरधनी स्वतः छपरावर चढत असे आणि खालून मुले कौले वर देत असत. 'आढ्याचे पाणी वळचणीला' ही म्हण अशाच घरांत जन्मली. पाण्याचा स्वभाव उतरण्याचा आहे. त्याला वाट द्यावी, म्हणजे ते आपले काम करते.

बंगळुरास येऊन आपण नेमके याच्या उलट करू लागलो. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर, पठाराच्या माथ्यावर वसलेले आहे. जवळ मोठी नदी नाही. म्हणून पूर्वजांनी येथे तळी बांधली. पुढे 1890 च्या दशकात हेसरघट्टा, 1930 च्या दशकात तिप्पगोंडनहळ्ळी, आणि 1974 पासून कावेरी, असे पाणी दुरून आणावे लागले. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून येते आणि ते जवळजवळ पाचशे मीटर उंच चढवावे लागते. वळचणीचे पाणी आढ्याला नेणे म्हणतात ते हेच! त्या योजनेचा पाचवा टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला. परंतु त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शहरातील हजारो कूपनलिका कोरड्या पडल्या होत्या आणि टँकरसाठी लोक रात्री जागत होते. पुढे त्याच ऑक्टोबरात येलहंक्याच्या बाजूला वसाहतींत पाणी शिरले आणि रहिवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. एकाच वर्षी तहान आणि पूर! आकाशातून आलेल्या पाण्याला आपण वाट दिली नाही, याचाच हा पुरावा होय.

वस्तुतः येथे पाऊस तुटपुंजा नाही. वर्षाकाठी साडेनऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हिशेब सोपा आहे : एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला पंचाण्णव हजार लिटरच्या वर पाणी पडते. उडून व सांडून जाणारे वजा केले, तरी सुमारे पाऊण लाख लिटर हाती लागावे. हे ओळखूनच कर्नाटक सरकारने 2009 साली कायद्यात दुरुस्ती केली आणि चाळीस बाय साठ फुटांच्या, म्हणजे 2400 चौरस फुटांच्या व त्याहून मोठ्या भूखंडांवरील घरांना पर्जन्यजल साठविण्याची सोय सक्तीची केली. जयनगरात लोकांना ही विद्या दाखविणारे एक उद्यान पाणीपुरवठा मंडळाने उभारले असून त्यास सर विश्वेश्वरय्यांचे नाव दिले आहे. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले आणि खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी आपोआप उघडणारी दारे बसविली, हे आपणां मराठी मंडळींना अभिमानाने ठाऊक असते. त्यांच्या नावाच्या उद्यानात शिकविलेली गोष्ट आपल्या गच्चीवर मात्र कित्येकदा आढळत नाही.

कायद्यासाठी नळ बसविला जातो, गाळणी बसते, जमिनीखाली टाकी बांधली जाते, जिला येथे सगळेच 'संप' म्हणतात. त्यानंतर वर कोणी चढत नाही. या शहराच्या झाडांचे आम्हांला परम कौतुक आहे. परंतु गुलमोहर आणि रेन ट्री यांची बारीक पाने आणि जॅकरांड्याची निळी फुले पन्हळीत पडून कुजतात. करंजाची, म्हणजे येथील 'होंगे'ची, पानगळ उन्हाळ्याच्या तोंडाशी होते. लागलीच एप्रिल-मेचा वळीव येतो, आणि त्या पाचोळ्याचा लगदा नळाच्या तोंडाशी बुचासारखा घट्ट बसतो. पाणी साचले, की भिंतीत ओल उतरते. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी उडू लागते. 2024 च्या सप्टेंबरात कर्नाटक सरकारला डेंग्यू हा साथीचा रोग म्हणून जाहीर करावा लागला, हे आपण विसरला नसाल.

आता खालच्या गटाराकडे येतो. पन्हळ तुंबली, की घरमालक वैतागतो आणि छपराचा नळ सरळ घराच्या सांडपाण्याच्या चेंबरला जोडून टाकतो. तेवढ्यापुरती त्याची अडचण मिटते. पण जमिनीखालच्या सांडपाण्याच्या वाहिन्या न्हाणीघर, स्वयंपाकघर व संडास यांच्या पाण्याचा हिशेब करून घातलेल्या असतात. त्यांत एका सरीत हजारो छपरांचे पाणी शिरले, की त्या भरून उलट वाहतात आणि रस्त्यावरच्या झाकणांतून मैला वर येतो. पानांबरोबर गेलेला गाळ आत बसतो. मग तक्रार होते, आणि 'कोणाला तरी उतरवा' असा निरोप जातो. तो 'कोणी तरी' कोण असतो, हे आपण सर्व जाणतो. आपल्या समाजाने हे काम कौशल्य पाहून कधी वाटले नाही. ते जातीवर लादले.

त्या काळोखात हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साचलेला असतो. थोडा असताना त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले, की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. आत गेलेल्या माणसाला धोका टळला असे वाटते, आणि त्याच क्षणी तो कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. म्हणून अशा बातम्यांत बहुधा दोन-तीन नावे एकदम असतात.

या राज्यात या प्रश्नाची जाण जुनी आहे. 1970 च्या दशकात देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळातील बसवलिंगप्पा यांनी डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करविली. येथून जवळच्या कोलार सुवर्णखाणींच्या वसाहतीत, सफाई कामगारांच्या घरात जन्मलेल्या बेजवाडा विल्सन यांनी या प्रश्नाला आयुष्य वाहिले; त्यांना 2016 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2013 च्या कायद्याने सुरक्षेची साधने दिल्याविना कोणासही गटारात वा मैल्याच्या टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता; ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली आणि माणसाने गटारात उतरण्याची पद्धत समूळ नाहीशी करावी, असे सरकारांना बजावले. तरीही ही पद्धत संपलेली नाही.

आमच्यावरही असा प्रसंग आला. एका मोठ्या गृहसंकुलाचे वर्षभराचे काम आम्हांला मिळावयाचे होते. बोलणी संपत आली असता व्यवस्थापकांनी सहज म्हटले, "पन्हळींबरोबर मागची टाकीही करून टाका. एक माणूस पाठवा, अर्ध्या तासाचे काम आहे." आम्ही यंत्राची गाडी बोलावण्याचा सल्ला दिला. त्यांना तो खर्च नको होता. आम्ही नकार दिला आणि वर्षभराचे काम गेले. त्या महिन्यात पगार भागविताना आम्हांला ओढाताण झाली, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु आमच्याकडील शिडी धरणाऱ्या पोरांनी ही गोष्ट आपसांत बोलताना ऐकली, आणि त्यांतील एकही आजवर आम्हांला सोडून गेला नाही.

येथे आप्पासाहेब पटवर्धनांचे स्मरण होते. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम करू द्यावे अशी मागणी केली. ती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी अन्न वर्ज्य केले. येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपवास केला. आप्पासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी संडासाची रचनाच सुधारण्याचा ध्यास घेतला, जेणेकरून मैला उपसण्याचे किळसवाणे काम कोणाच्याच वाट्यास येऊ नये. या कामाला पवित्र म्हणून माणसाला त्यातच जखडून ठेवण्यापेक्षा त्याची गरजच नाहीशी करणे श्रेष्ठ, असा धडा आम्ही त्यांच्यापासून घेतला.

आता ज्या तरुणांना हा व्यवसाय करावासा वाटेल, त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. भांडवल थोडे लागते : दोन चांगल्या शिड्या, अंगभर बांधावयाचा सुरक्षापट्टा, भक्कम दोर, शिरस्त्राण, हातमोजे, खुरपी, बादल्या आणि पाण्याचा लांब नळ. बंगळुरात विजेच्या तारा गॅलरीला खेटून जातात, म्हणून लोखंडी वा अल्युमिनियमची शिडी टाळावी. चार फूट उंचीला पायथा एक फूट पुढे, हे शिडीचे प्रमाण पाठ करावे. आणि खाली शिडी धरणारा असल्याविना कोणी चढू नये. बसवनगुडी-मल्लेश्वरममध्ये अजूनही मंगळुरी कौलांची जुनी घरे आहेत. शेवाळलेल्या कौलावर पाऊस थांबल्याबरोबर पाऊल ठेवू नये. कामगारांचा अपघातविमा पहिल्या दिवसापासून उतरवावा. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत अशा सेवेला सामान्यतः जीएसटीची नोंदणी लागत नाही.

वर्षाला तीन फेऱ्या पुरतात. पहिली पानगळ संपताच, वळिवापूर्वी. दुसरी ऑगस्टअखेर, कारण येथे सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस सर्वाधिक. आणि तिसरी डिसेंबरात. दर ठरविताना पन्हळीची लांबी व छपराची उंची पाहावी, गिऱ्हाइकाची मोटार पाहू नये. काम संपल्यावर पन्हळीत दोन बादल्या पाणी ओतून ते कोठे जाते, हे घरमालकाला दाखवावे. पहिल्या सरीचे गढूळ पाणी बाहेर सोडणारी तोटी उघडावयास शिकवावे. छपराचा नळ सांडपाण्याच्या चेंबरला जोडलेला आढळला, तर तसे लेखी कळवावे आणि तो सोडवून संपाकडे वा शोषखड्ड्याकडे वळविण्याचा आग्रह धरावा. आमच्या मते या धंद्यातले सर्वांत मोलाचे काम हेच. काढलेला पाचोळा नालीत लोटू नये. त्याचे उत्तम खत होते.

बंधुभगिनींनो, 1638 साली शहाजीराजांना बंगळूर जहागीर म्हणून मिळाले, तेव्हापासून मराठी माणूस या मातीत राहत आला आहे. येथील कन्नड शेजाऱ्यांनी आपल्याला आपले मानले. या शहराचे पाणी आपण पितो. त्या पाण्याविषयी आपलेही काही कर्तव्य आहे. सर्वांनीच आमचा धंदा करावा, असे आमचे म्हणणे नाही. परंतु येत्या रविवारी आपल्या गच्चीवर जाऊन पाण्याच्या वाटेवरचा पाचोळा काढावा आणि छपराचा नळ खाली कोठे जातो हे मुलांसह पाहावे, एवढी विनंती आहे. आपल्या इमारतीच्या सभेत 'माणूस उतरवा' असे कोणी म्हणाले, तर त्याला तेथल्या तेथे विरोध करावा, ही दुसरी.

साताऱ्याच्या आत्याबाईंना आम्ही हे सारे पत्राने कळविले. त्यांचे उत्तर आले आहे. वाड्याची पन्हळ गेली दोन वर्षे तुंबलेली आहे, तेव्हा दिवाळीला येताना शिडी घेऊन यावे, अशी त्यांची आज्ञा आहे.