सगळं गावच सुतकात



मयत झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचं घर पिठलं-भाकरी घेऊन येतं, पाहुणे भेटायला येतात, राख सावडायला भावकी सोबत जाते. दुःखाचा भार चार खांद्यांवर वाटून घ्यायची ही आपली जुनी रीत. तिला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे सुतक नसलेला शेजारी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत असा शेजारी उरला नाही. गणपती बोळवून माणसं नुकती झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत आठ-दहा हजार माणसं गेली. कोणी कोणाला भेटायला जायचं? घरांची दारं, तुळया, खांब ढिगाऱ्यातून ओढून काढून लोकांनी चिता रचल्या. एकेका चितेवर कितीतरी जण. वरून पाऊस. कुठला दहावा आणि कुठलं तेरावं!

तेव्हा शेजारधर्म महाराष्ट्रानं पाळला. गावोगावच्या बायकांनी भाकऱ्या थापल्या, त्यांची गाठोडी ट्रकांतून तिकडे गेली. ते आपल्या समाजाचं फार मोठं काम होतं, असं मी आजही मानतो. पण भेटायला आलेला पाहुणा परततो आणि शेजारी तिथंच असतो. आपण पाहुण्यासारखे परतलो.

पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली. पक्की घरं आली, रुंद रस्ते आले, आणि याबद्दल शासनाचं, संस्थांचं ऋण मान्य केलंच पाहिजे. मात्र घरं दिली ती जमिनीच्या हिशेबानं. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, त्याहून जास्त जमीन असलेल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. अनेक गावांत एका मापाची घरं एका बाजूला बांधली गेली. म्हणजे जिच्या ओट्यावर बसून रडायचं, ती शेजारीण गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. भूकंपानं माणसं नेली होती, गल्ली आपण मोडली. मला पुनर्वसनातली ही सगळ्यात मोठी उणीव वाटते, कारण गेलेल्या माणसाची आठवण घरच्यांइतकीच शेजाऱ्याजवळ असते. पोरगं कसं बोलायचं, म्हातारी कोणाशी भांडायची, हे शेजाऱ्यालाच ठाऊक.

दर वर्षी किल्लारीच्या स्मृतिस्तंभाजवळ अधिकारी येतात, पुष्पचक्र वाहिलं जातं, पोलीस मानवंदना देतात. हे व्हावंच. पण स्तंभापुढं सगळे मृत एक आकडा होतात.

म्हणून माझी एक मागणी आहे. त्या ५२ गावांतल्या शाळांनी जुन्या गावाचे नकाशे काढावेत. म्हाताऱ्या माणसांना मुलांसमोर बसवावं आणि गल्लीगल्लीनं विचारावं: या घरात कोण राहत होतं? त्याच्या शेजारी कोण? आड कुठं होता? आणि नकाशातल्या प्रत्येक घराजवळ त्याची भिंत कशाची होती, तेही लिहावं, कारण माणसं गेली ती घरांखालीच. दोन-अडीच हात रुंद दगड-मातीच्या भिंती, आतबाहेरच्या थरांना सांधणारा आरपार दगड नाही, आणि पावसाळ्याआधी दर वर्षी नवी माती टाकून जड होत गेलेलं माळवदाचं छप्पर. भक्कम वाड्यांनी माणसं गाडली आणि कुडाच्या झोपड्यांतली बरीचशी वाचली, हे मुलांना त्या नकाशावर बोट ठेवून कळेल. १९९२ सालीच तिथं धक्के बसत होते, लोक घाबरून बाहेर झोपत होते आणि पुढं पुन्हा आत गेले, हेही त्यात यायला हवं.

हा नकाशा शोकाचाही असेल आणि बांधकामाचाही. त्या पहाटे तिशीत असलेली माणसं आज साठीच्या पुढं गेली आहेत. हे काम येत्या ३० सप्टेंबरला सुरू व्हावं, आणि लातूर-धाराशिवच्या कोणी शिक्षक-शिक्षिका या सभागृहात असतील तर व्याख्यानानंतर मला जरूर भेटावं.