खाणीत गाडी पेटली तर पळायचं कुठे?



२०२२ मध्ये पुण्यात रस्त्याच्या कडेला उभी असलेली एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली होती. तो व्हिडिओ आठवतोय? लोकांनी काय केलं, तर लांब सरकले आणि मोबाईल काढला. उघड्यावर हे चालतं, कारण धूर वर जातो आणि आपण मागे होतो. आता हीच आग जमिनीखाली एक किलोमीटरवर, पाच मीटर रुंद बोगद्यात लागली असं समजा. धूर जाणार कुठे? जिकडे हवा जाते तिकडे. आणि त्याच हवेवर पुढे माणसं काम करत असतात.

फेब्रुवारी २०१४. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात व्हॅन्सकॉयची पोटॅशची खाण. खाली एक ट्रक पेटला. तेव्हा पन्नासहून जास्त कामगार जमिनीखाली होते. ते आश्रय-खोल्यांमध्ये गेले, दारं बंद केली आणि थांबले. सगळे जिवंत वर आले. आता तुम्ही म्हणाल, नशीब! पण यात नशिबापेक्षा नियमांचा वाटा मोठा आहे. तेच आज बघू.

पहिला प्रश्न, गाडी पेटते कशी? खाणीतला लोडर किंवा डंपर बहुतेक डिझेलवर चालतो. डिझेल साधारण २१० अंश सेल्सिअसला ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं, आणि टर्बोचार्जर ५०० अंशांच्या वर तापू शकतो. शेजारूनच हायड्रॉलिक तेलाचा पाइप गेलेला असतो, आत प्रचंड दाब. पाइप घासून घासून बारीकसं भोक पडलं, की तेल फवाऱ्यासारखं उडतं आणि थेट तापलेल्या भागावर पडतं. झालं काम!

म्हणून पहिला नियम म्हणजे तेल आणि उष्णता लांब ठेवा. पाइप नीट बांधा, मध्ये आडोसा घाला, घासलेला पाइप वेळेत बदला. कोळशाच्या खाणीत मिथेनचीही भीती असते. त्यामुळे अमेरिकेत तिथल्या कामाच्या तोंडाशी चालणाऱ्या डिझेल यंत्राचा बाहेरचा पृष्ठभाग १५० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असा नियम आहे.

तरीही पेटलीच तर? गाडीवरच फोमची यंत्रणा हवी आणि तिच्याबरोबर इंजिन बंद व्हायला हवं. इंजिन चालू राहिलं तर पंपही चालू राहतो आणि आगीला तेल पुरवत बसतो. आग टायरपर्यंत गेली तर प्रकरण आणखी वाईट. मोठा टायर तासन्‌तास जळतो. ज्वाळा विझल्यावरही आतला वायू तापून तो फुटू शकतो, म्हणून जवळ जायचं नाही.

मग बाकीच्यांना कळवायचं कसं? ड्रिलच्या आवाजात भोंगा ऐकू येत नाही आणि मोबाईलला रेंज नाही. यावरचा उपाय मला भारी आवडतो. बऱ्याच धातूंच्या खाणींमध्ये हवेत मुद्दाम घाण वास सोडतात! इथाइल मरकॅप्टन. आपल्या घरच्या सिलिंडरला जो वास येतो ना, तोच. जिथे हवा पोहोचते तिथे निरोप पोहोचतो.

वास आला की कमरेचा सेल्फ-रेस्क्यूअर काढायचा, तोंडाला लावायचा आणि आश्रय-खोलीकडे निघायचं. खोली किती लांब असावी? पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, जास्तीत जास्त ७५० मीटर. हिशोब असा की रेस्क्यूअरमध्ये ३० मिनिटांचा प्राणवायू आहे, तर त्यातला निम्माच चालण्यासाठी धरायचा. धुरात माणूस अडखळणार, घाबरणार, हे आधीच गृहीत धरलंय. आत गेल्यावर किमान ३६ तास पुरेल इतकी सोय. अमेरिकेत कोळशाच्या खाणींसाठी ९६ तास.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यात एक गोष्ट ओळखीची वाटते. प्रत्येक नियम आधीचा नियम फेल झालाय असं धरून लिहिलाय. पाइप फुटणारच, फोम कमी पडणारच, कुणीतरी उशिरा निघणारच. मग त्याच्या हातात किती मिनिटं उरली?

आणि ही मिनिटं नसली तर? २५ जानेवारी १९९४, पश्चिम बंगालमधली न्यू केंदा कोळसा खाण. ती आग गाडीची नव्हती, पण धुराला आणि विषारी वायूला काय फरक पडतो? ५५ कामगार गेले. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पेटलेली गाडीसुद्धा तोच वायू सोडते.

आज राजस्थानात रामपुरा आगुचाला जस्ताच्या भूमिगत खाणीत डिझेलचे डंपर चालतात. आपल्याकडे नागपूर, भंडारा, चंद्रपूर भागात भूमिगत खाणी आहेत. देशातल्या खाणींच्या सुरक्षेवर धनबादचं डीजीएमएस लक्ष ठेवतं. जगात काही खाणी आता बॅटरीच्या गाड्यांकडे वळल्यात. डिझेलचा धूर गेला, हे उत्तमच. पण लिथियम बॅटरी आतून तापत जाते, फोम सेलच्या आत पोहोचत नाही आणि विझलेली आग पुन्हा पेटू शकते. पुण्याची स्कूटर आठवा. म्हणजे सगळा हिशोब पुन्हा मांडायला हवा, आणि तो अपघाताच्या आधी मांडलेला बरा.

तुमच्या घरातलं, गावातलं कुणी खाणीत उतरत असेल तर आज त्यांना दोनच प्रश्न विचारा. सेल्फ-रेस्क्यूअर शेवटचा कधी लावून पाहिला? आणि धूर आला तर तुम्ही जाणार कुठे, किती वेळात? उत्तर लगेच आलं नाही, तर हा एपिसोड त्यांना पाठवा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!