दुसऱ्या हातची लेखणी

पोथी आणि लेखणी या वस्तू एकदा परक्याच्या हाती गेल्या की गेल्याच. परत आल्या तरी पहिल्यासारख्या येत नाहीत, असा इशारा आपल्याकडील जुन्या सुभाषितकारांनी देऊन ठेवला आहे. बोरूच्या काळी तो अक्षरशः खरा होता. लिहिणारा आपला बोरू आपल्या हाताच्या वळणाप्रमाणे तासून घेई, आणि दुसऱ्याने त्याने चार ओळी लिहिल्या की त्याचे टोक बिघडे. जुने फाउंटन पेन विकत घेणारा मनुष्य या सुभाषिताच्या पलीकडच्या तीरावर उभा असतो. कोणाच्या तरी हातून निसटलेली लेखणी तो आपल्या हाती घेत असतो. ती त्याला आपलीशी करता येईल काय, आणि येत असेल तर कशी, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

उदाहरणादाखल एकच पेन घेऊ. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात जेन्सव्हिल नावाचे गाव आहे. तेथील पार्कर कंपनीने १९२१ साली ‘ड्युओफोल्ड’ नावाचे एक भले मोठे पेन बाजारात आणले. त्या वेळी बहुतेक पेने काळ्या कठीण रबराची, म्हणजे एबोनाइटची असत. हे नवे पेन नारिंगीकडे झुकणाऱ्या लाल रंगाचे होते. त्याची दोन्ही टोके मात्र काळी होती. लांबी सुमारे साडेपाच इंच, जाडी अंगठ्याएवढी आणि किंमत सात डॉलर. सामान्य पेनाच्या मानाने ही किंमत फारच मोठी होती. तरीही ते खपले, आणि इतके खपले की इतर कारखानदारांनाही मोठी, रंगीत पेने काढणे भाग पडले. पेन पंचवीस वर्षे टिकेल अशी हमी कंपनी जाहिरातींतून देत असे. त्या घटनेला आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत, आणि त्यांतील कितीतरी पेने अजून लिहीत आहेत.

मोठे पेन म्हणजे जड पेन, असा समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. एबोनाइट धातूच्या मानाने फारच हलके असते. जाड पेन हाती धरताना बोटे आवळावी लागत नाहीत, ती सैल राहतात आणि दीर्घ लेखनानेही हात अवघडत नाही. शिवाय पोट मोठे म्हणून शाईही पुष्कळ मावते. ज्यांचा दिवस लिहिण्यात जातो, त्यांना अशी पेने आवडली यात नवल नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना फाउंटन पेनांची किती आवड होती, हे त्यांच्या सहवासातील लोकांनी सांगितलेच आहे.

आता खरेदीकडे वळू. पुण्याचा जुना बाजार असो, मुंबईचा चोरबाजार असो किंवा एखाद्या घरातील जुन्या सामानाची विक्री असो, जुने पेन समोर आले की प्रथम नजर जाते ती त्याच्या रंगावर. अनुभवी ग्राहक तिकडे शेवटी पाहतो. तो आधी टोपण उलटे करून त्याची कड नखाने चाचपतो. आरंभीच्या ड्युओफोल्डच्या टोपणाला धातूचे कडे नसे, त्यामुळे त्याची कड तडकण्याचा संभव अधिक. बारीक तडाही नखाला लागते. मग आटे नीट बसतात की नाही हे तो पाहतो. त्यानंतर अंगठ्याने पेनाचे अंग जोराने घासून तो वास घेतो. गंधकाचा वास आला तर ते एबोनाइट समजावे, कारण रबरात गंधक मिसळून आणि त्याला उष्णता देऊनच ते कठीण करतात. १९२६ च्या सुमारास पार्करने रबर सोडून सेल्युलॉइडच्या जातीचे द्रव्य घेतले. त्याला हा वास येत नाही. हा भेद केवळ कुतूहलाचा नाही. सेल्युलॉइड ज्वालाग्राही असते, आणि तसले पेन ज्योतीवर शेकून उघडू पाहणारा क्षणार्धात ते गमावून बसतो.

यानंतर येते निब. ती सोन्याची असते, यामागे श्रीमंतीपेक्षा रसायनाचा भाग मोठा आहे. हिराकस आणि मायफळ यांपासून केलेली जुनी शाई आम्लधर्मी असे, आणि ती साध्या पोलादाला खाऊन टाकी. चौदा कॅरट सोन्याला तिचा उपद्रव होत नसे. परंतु सोने मऊ, कागदावर घासून ते लवकर झिजले असते. म्हणून त्याच्या अग्रावर इरिडियम, ऑस्मियम यांसारख्या कठीण धातूंचा एक बारीक कण जोडलेला असतो. भिंगाखाली हा कण पाहिल्याशिवाय जुने पेन घेऊ नये. तो उडालेला असेल, तर बाकीचे पेन कितीही देखणे असो, ते लिहिण्याच्या उपयोगाचे राहिलेले नाही.

आणि येथेच पहिल्या मालकाची गाठ पडते. हा कण कठीण खरा, पण वीस-तीस वर्षांच्या लेखनाने तोही एका बाजूला किंचित सपाट होतो. पहिला मालक पेन ज्या कोनात धरीत असेल, त्या कोनाचा ठसा तेथे उमटलेला असतो. नव्या मालकाने पेन निराळ्या कोनात धरले की सपाट भागाची कड कागदाला ओरखडते. म्हणून दुकानातच निब शाईत बुडवून, आपल्याबरोबर आणलेल्या कागदावर लिहून पाहावे. इंग्रजी सही करून भागत नाही. देवनागरीतील एक लांब ओळ लिहावी आणि तिच्यावर शिरोरेघ ओढावी. अक्षरे लिहिताना हात वळत असतो, त्यामुळे दोष लपतो. शिरोरेघ डावीकडून उजवीकडे सरळ धावते आणि दोष उघडा पाडते. मोडीत तर ही रेघ आधी पानभर आखून तिच्याखाली, हात शक्य तेवढा न उचलता, अक्षरे लिहीत. आपल्या लिपींची परीक्षा अशी कडक आहे. ओरखडा थोडा असेल तर हात किंचित फिरवून पाहावा. पुष्कळदा पेन आपण होऊनच सांगते, ‘मला असे धर.’ ओरखडा फार असेल तर कुशल कारागिराकडून टोक घासून घेता येते. मात्र घासलेले पुन्हा भरून येत नाही, हे ध्यानात ठेवूनच तो निर्णय करावा.

कित्येक जुन्या पेनांवर मालकाचे नाव कोरलेले असते. विकत घेणाऱ्याला ते प्रथम खटकते आणि कानशीने किंवा पॉलिशने ते घालवून टाकण्याचा मोह होतो. हा मोह आवरावा. नावाबरोबर कारखान्याची मुद्राही पुसली जाते आणि पेनाचे अंग कायमचे पातळ होते. शिवाय नाव पुसल्याने टोकावरचा कोन काही पुसला जात नाही. १९४५ च्या सप्टेंबरमध्ये टोकियोच्या उपसागरात जपानच्या शरणागतीवर सह्या झाल्या, तेव्हा जनरल मॅकआर्थर यांनी अनेक लेखण्या वापरल्या. त्यांतील लाल रंगाचे पार्कर पेन त्यांच्या पत्नीचे होते, आणि पहिल्या दोन लेखण्या त्यांनी शत्रूच्या कैदेतून सुटलेल्या दोन सेनापतींना तेथेच देऊन टाकल्या. लेखणीने हात बदलणे हा तिच्या आयुष्याचाच एक भाग आहे.

घरी आणलेले पेन बहुधा शाई ओढीत नाही. तेवढ्यावरून निराश होऊ नये. ड्युओफोल्डच्या मागच्या टोकाला एक लहान झाकण असते. ते काढले की आत एक कळ दिसते. ती दाबली म्हणजे आतील पट्टी वाकून रबराची पिशवी दाबते आणि हवा बाहेर जाते. कळ सोडली की पिशवी फुगते आणि शाई आत येते. निब शाईत बुडालेलीच ठेवून सावकाश दहा अंक मोजावेत, एवढाच नियम. पन्नास-शंभर वर्षांत ही पिशवी कडक होऊन तिचा चुरा झालेला असतो. ती बदलणे हे दुरुस्तीच्या कामातील अगदी साधे काम आहे. नवी पिशवी लाखेने चिकटवितात, आणि ही लाख मुख्यतः आपल्याच देशातील रानांत, झाडांवरील किड्यांपासून तयार होते. शाईला ती दाद देत नाही, परंतु बेताची ऊब दिली की सुटते. आजचे शक्तिमान रासायनिक डिंक हाताशी असतानाही जाणता कारागीर येथे लाखच वापरतो. पिशवी आणखी काही वर्षांनी पुन्हा बदलावी लागणार, त्या वेळी पेन न मोडता उघडता आले पाहिजे, हे तो जाणून असतो. वस्तू कधी ना कधी बिघडणार आणि कोणीतरी ती दुरुस्त करणार, हे गृहीत धरूनच तिची रचना झालेली आहे. असे कारागीर आता थोडे उरले आहेत. ज्या गावात असा एखादा असेल, त्या गावच्या लोकांनी त्याला काम द्यावे. त्याची विद्या गेली की ही सारी पेने केवळ शोभेच्या पेटीत जाऊन पडतील.

शाईच्या बाबतीत थोडा विवेक हवा. काजळ आणि डिंक यांची पारंपरिक शाई बोरूला उत्तम. फाउंटन पेनात ती गेली की त्याच्या बारीक वाटा बुजल्याच म्हणून समजावे. पेनासाठी केलेली, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची साधी शाई घ्यावी. अशी शाई आपल्याकडे होत आलेली आहे. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत जो उद्योग सुरू केला आणि जो पुढे कॅम्लिन या नावाने घरोघर पोचला, त्याचा आरंभ शाईपासूनच झाला. बंगालमध्ये १९३४ साली स्वदेशीच्या प्रेरणेने ‘सुलेखा’ शाई निघाली. मध्यंतरी काही दशके बंद राहून २०२० साली ती पुन्हा बाजारात आली. पेन धुवायचे ते थंड पाण्याने. ऊन पाण्याने आणि सूर्यप्रकाशाने एबोनाइट विटते, काळ्याचे तपकिरी होते.

वापरताना आणखी एक अडचण येते ती हाताची. हंगेरीच्या लास्लो बिरो यांनी १९३८ साली बॉलपेनाचे पेटंट घेतले, आणि पुढे त्या पेनाने साऱ्या जगाचे हात आपल्या वळणावर नेले. बॉलपेन दाबून लिहावे लागते. फाउंटन पेनात निबेखालच्या जिभेवर केसासारख्या चिरा असतात. त्यांतून शाई आपोआप खाली येते आणि तिच्या जागी हवा वर जाते. लुईस वॉटरमन यांनी १८८४ साली अशा रचनेचे पेटंट घेतले होते. येथे हाताने केवळ दिशा द्यावयाची, जोर लावावयाचा नाही. जोर लावला की निबेच्या दोन्ही फाळ्या फाकतात आणि जुने सोने पुन्हा जुळून येतेच असे नाही. मोठ्या पेनाची एक खोडही माहीत असावी. शाई संपत आली की आत हवाच अधिक उरते. ती हाताच्या उबेने प्रसरण पावते आणि कागदावर थेंब टाकते. आपल्याकडील उन्हाळ्यात हा अनुभव हमखास येतो. म्हणून पेन अर्धे रिकामे होताच भरावे, आणि खिशात ते नेहमी टोक वर करूनच ठेवावे.

इतके करूनही पेन कपाटात ठेवून दिले तर सारे व्यर्थ होय. आतली शाई सुकते, वाटा बंद होतात आणि पिशवी ताठरते. रोज चार ओळी लिहिणाऱ्याचे पेन वर्षानुवर्षे कुरकुर करीत नाही. या वस्तूची मुख्य देखभाल म्हणजे तिचा वापर. लिहिता लिहिता नव्या मालकाच्या हाताचाही कोन हळूहळू त्या कठीण कणावर उमटू लागतो, पहिल्या मालकाच्या खुणेला लागूनच. त्याला बराच काळ लागतो. तोवर पत्रे, हिशेब, मुलांच्या शाळेच्या अर्जावरील सह्या, असे जे काही लिहिण्यासारखे असेल ते त्याने त्या पेनाने लिहीत राहावे. पुढे ते ज्याच्या हाती जाईल, त्यालाही मग ते लिहिते असे मिळेल.