चाळीस अश्वशक्तीचा आनंद

गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. अ‍ॅव्हरेज किती देते, आणि पिकअप कसा आहे? पहिला प्रश्न खिशाचा आहे, त्यात आज शिरत नाही. दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली आहे. इंजिनात ताकद जितकी जास्त, तितकी गाडी चालवण्यात मजा जास्त, अशी ती समजूत. ती मला साफ चुकीची वाटते आणि ती का चुकीची, एवढाच आजचा विषय आहे. गाडीत भरलेल्या ताकदीपैकी किती ताकद चालवणाऱ्याला स्वतःच्या हातापायांनी काढून घेता येते, आपल्याच रस्त्यांवर आणि कायद्यात राहून वापरता येते, यावर चालवण्याचा आनंद ठरतो, असे माझे म्हणणे आहे. या कसोटीवर लहान, कमी ताकदीची गाडी मोठ्या गाडीपेक्षा सरस ठरते.

सगळ्यांच्या ओळखीची गाडी उदाहरणाला घेऊ. मारुती 800 ची पहिली किल्ली 14 डिसेंबर 1983 रोजी गिऱ्हाइकाच्या हाती पडली आणि 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, चार गिअर, 12 इंची चाके, जेमतेम साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, आणि सुरुवातीच्या मॉडेलची ताकद 40 अश्वशक्तीच्याही आत. आजच्या जाहिरातींच्या भाषेत ही ताकद हास्यास्पद ठरेल. पण थोडे गणित करून पाहा. चार माणसे बसवून गाडीचे वजन 900 किलो धरले आणि 12 मीटरला 1 मीटर असा चढ ती ताशी 40 किलोमीटरने चढते आहे असे मानले, तर नुसते वजन वर उचलायला सुमारे 11 अश्वशक्ती लागते. टायरचे घर्षण, हवेचा विरोध, गिअरबॉक्समधली गळती हे सगळे मिळवले तरी हिशेब पंधराच्या आसपास थांबतो. सपाट रस्त्यावर ताशी 100 चा वेग टिकवायलाही साधारण इतकीच ताकद पुरते. म्हणजे घाटाला आणि महामार्गाला जे लागते त्याच्या दुपटीहून जास्त या गाडीजवळ आहे. तुटवडा आहे ही कल्पनाच खोटी आहे.

मग छोटी गाडी घाटात दम टाकते असे लोक का म्हणतात? कारण ती ताकद तिच्याजवळ सदासर्वकाळ हाताशी नसते. जवळपास 40 अश्वशक्ती मिळते ती इंजिन मिनिटाला पाच हजारांच्या वर फेरे घेत असताना. दोन हजार फेऱ्यांवर तेच इंजिन त्याच्या निम्म्याहूनही कमी देते. तेव्हा ताकद हवी असेल तर ती गिअरने आणावी लागते, आणि ती आणण्याचे काम चालवणाऱ्याचे. आंबोली घाटाचा चढ डोळ्यांसमोर आणा. पुढे उजवीकडे घेणारे वळण आहे, गाडी तिसऱ्यात आहे, इंजिनाचा आवाज जड होत चालला आहे. वळणात शिरल्यावर गिअर बदलायला गेलात तर उशीर झाला. गाडीचा वेग मेला, की मग पहिला टाकून अर्ध्या क्लचवर ओढत बसा. जाणता चालवणारा वळणाच्या आधीच ब्रेक हलका दाबतो, क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटरला किंचित टोचणी देतो, दुसरा टाकतो आणि क्लच सोडतो. गिअर धक्का न देता बसतो, आवाज एकदम मोकळा होतो, आणि वळण संपता संपता गाडी ओढ घेऊन वर निघते. एसी चालू असेल तर कंप्रेसर ताकदीतला वाटा खातो, म्हणून चढ लागण्यापूर्वी बटण बंद करून काचा खाली घेतल्या जातात. या सगळ्यात टॅकोमीटर लागत नाही, तो त्या गाडीत नव्हताही. कान लागतात. पुढच्या वळणापलीकडे रस्ता किती उरला आहे, समोरची एसटी कुठे थांबण्याची शक्यता आहे, कमावलेला वेग कुठे राखायचा आणि कुठे सोडायचा, हे सतत ठरवावे लागते. हे ठरवत राहणे आणि ते बरोबर ठरले की गाडीने लगेच तशी साथ देणे, यालाच मी चालवण्याचा आनंद म्हणतो.

आता हाच घाट 120 अश्वशक्तीच्या, टर्बो आणि ऑटोमॅटिक गिअर असलेल्या गाडीने चढा. ती जड आहे, म्हणून ताकद थोडी जास्त, समजा वीस-बावीस अश्वशक्ती लागेल. पायाखालची पट्टी थोडी दाबली की काम झाले. उरलेल्या शंभराचे करायचे काय? ती वापरायची तर घाटात ताशी 80–90 ने वळणे घ्यावी लागतील, आणि तसे करणारा माणूस रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी खेळतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागातही मोटारींना ताशी 100 ची मर्यादा आहे. म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या ताकदीचा मोठा हिस्सा आपल्या रस्त्यांवर सभ्य माणसाला कधीच अनुभवता येत नाही.

ताकदीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे रुंदी, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपल्याकडे एकेरी रस्त्याच्या डांबरी पट्ट्याचे प्रमाण माप पावणेचार मीटर. कोकणातल्या गावरस्त्यांवर हेच माप भेटते, पुष्कळदा त्याहूनही कमी. मारुती 800 ची रुंदी 1 मीटर 44 सेंटिमीटर. अशा दोन गाड्या समोरासमोर आल्या तर पट्ट्यावर सुमारे 87 सेंटिमीटर जागा उरते; सावकाश, पण डांबर न सोडता दोघी सुटतात. आजच्या पुष्कळ एसयूव्ही पावणेदोन ते 1 मीटर 80 सेंटिमीटर रुंद आहेत. तशा दोन आल्या की उरतात कसेबसे पंधरा ते पंचवीस सेंटिमीटर, आणि एकीला साइडपट्टीच्या लाल मातीत उतरावेच लागते. साडेपाच मीटरच्या घाटरस्त्यावर आपल्या बाजूला पावणेतीन मीटर येतात. त्यात अरुंद गाडीला वळण बाहेरून धरून आत यायला सव्वा मीटरहून जास्त मोकळीक मिळते. वळणाची रेषा निवडता येणे ही चैन तिथे फक्त लहान गाडीला परवडते.

लहान गाडीतल्या मजेचा हा शोध आपला नव्हे. 1956 च्या सुएझ संकटानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली आणि अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी तीन मीटर लांबीची मिनी आखली. 1959 मध्ये ती 848 सीसीच्या, 34 अश्वशक्तीच्या इंजिनासह आली. इंजिन आडवे बसवलेले, चाके 10 इंची आणि गाडीच्या अगदी चार कोपऱ्यांना. हेतू होता जागा वाचवण्याचा, पण त्याच रचनेमुळे ती वळणांवर अशी चिकटून धावू लागली की 1964, 1965 आणि 1967 मध्ये मिनी कूपर एसने माँटे कार्लो रॅली जिंकली. 1964 च्या नियमांत लहान इंजिनांना सवलत होती हे सांगितले पाहिजे. दुसऱ्या आलेल्या फोर्ड फाल्कनचे इंजिन 4.7 लिटरचे होते. तरीही बर्फाळ घाटात 1071 सीसीची गाडी त्या धुडाच्या जोडीने पळते, हेच मुळात पुरेसे बोलके आहे. जपानने तर लहान गाड्यांचा वर्गच कायद्याने आखला. त्या केई वर्गाची मर्यादा 1990 पासून 660 सीसी आहे, आणि ताकद 64 अश्वशक्तीच्या वर न्यायची नाही असा उत्पादकांचा आपसातला समझोता. या चौकटीत होंडाने 1991 मध्ये बीट आणि सुझुकीने कॅपुचिनो काढली, दोन माणसांच्या, केवळ चालवण्याच्या हौसेसाठी. आपली 800 सुझुकीच्या याच केई घराण्यातली.

इथे पहिला आक्षेप येतो. ही गरिबीची भलामण आहे, परवडत नव्हते तेव्हा जे घेतले त्याला आता गुण चिकटवला जातो आहे. आपल्याकडच्या माणसाने स्कूटरवरून 800 वर उडी घेतली ती हौसेपेक्षा गरजेने, हे मान्य. पण बीट घेणारा जपानी गरजेपोटी दोन माणसांची गाडी घेत नव्हता, आणि बीटल्समधले चौघेही मिनी बाळगत होते, तेही परवडत नव्हते म्हणून नव्हे. नॅनोला बाजारात सर्वांत स्वस्त गाडी हा शिक्का भोवला, असे स्वतः रतन टाटांनीही म्हटले होते. लहान म्हणजे कमीपणाचे ही आपली समजूत आहे. 624 सीसीच्या त्या हलक्या, मागे इंजिन असलेल्या गाडीचा त्यात दोष नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो गंभीर आहे. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत अल्टो 800 आणि नॅनो या दोन्हींना शून्य तारे मिळाले. जड वाहनाशी टक्कर झाली तर हलक्या गाडीला जास्त मार बसतो, हे भौतिकशास्त्र कुणाला बदलता येणार नाही. पण शून्य तारे हा लहानपणाचा परिणाम नव्हता, सांगाड्यावर आणि एअरबॅगवर न केलेल्या खर्चाचा होता. 999 सीसीच्या फोक्सवॅगन अपने 2011 मध्ये युरो एनकॅपमध्ये पाच तारे मिळवले. आपल्या टियागोने 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये चार. शिवाय धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते: 60 वरून 80 वर गेलात तर ती जवळपास पावणेदोन पट होते. ज्या गाडीत 40–50 च्या वेगालाच मन भरते, तिच्या चालकाला 80 ची ओढ कमी लागते.

ओव्हरटेकबद्दल मात्र मी वाद घालणार नाही. चार माणसे, सामान आणि एसीसह चढावर ट्रकच्या पुढे जायला छोट्या गाडीला वेळ लागतो, आणि तितका वेळ समोरच्या बाजूला राहणे धोक्याचे आहे. तिथे मागे थांबायचे. शहरातल्या रोजच्या कोंडीत क्लच दाबून पाय दुखतो, हेही खरे. तिथे ऑटोमॅटिक घेणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या इमारतीखाली जुनी 800, झेन किंवा अल्टो धूळ खात उभी असेल, तर ती भंगारात देण्याआधी मेकॅनिककडून तिचे ब्रेक, टायर, कूलंट आणि सीटबेल्ट तपासून घ्या, नोंदणी आणि विमा चालू आहे ना ते पाहा. मग पावसाळा संपल्यावर, सुट्टीच्या गर्दीचा दिवस टाळून, भल्या सकाळी ती वरंध किंवा ताम्हिणी घाटातून एकदा चालवा. आणि घरातल्या नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींना पहिला घाट मोठ्या गाडीत नव्हे, हिच्यात शिकवा.