बाळाची कावीळ आणि आईवरचा ठपका

(महिला आरोग्य मेळाव्यात एका पॅथॉलॉजिस्ट मैत्रिणीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात एकीने चिठ्ठी पाठवली. एकच ओळ आहे : 'माझं दूध बाधलं म्हणून बाळाचं लिव्हर गेलं का?' खाली नाव नाही. मी रक्तक्षयावर बोलणार होते, ते पुढच्या वेळी. या ओळीचं उत्तर 'नाही' असं आहे. का नाही, ते नीट समजून घेऊ. कारण घरी गेल्यावर सासूला, नवऱ्याला, शेजारणीला उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

यकृतात पित्त तयार होतं आणि बारीक नळ्यांतून आतड्यात उतरतं. बाळाची शी पिवळी-हिरवी दिसते ती या पित्तामुळे. 'बिलियरी अट्रेझिया' नावाच्या आजारात जन्माच्या आगेमागे या नळ्या सुजतात, काही आठवड्यांत बंद होतात आणि त्यांच्या जागी घट्ट व्रण उरतो. पित्त यकृतातच तुंबतं. शी पांढुरकी, लघवी गडद, डोळे पिवळे. युरोप-अमेरिकेत साधारण 10 ते 20 हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार होतो, तैवानमध्ये 5-6 हजारांमागे एकाला. मुलींत किंचित जास्त.

नळ्यांची नासधूस करतं कोण? अशा बाळाच्या यकृताचा धाग्याएवढा तुकडा माझ्याकडे तपासायला येतो. सूक्ष्मदर्शकाखाली नळ्यांभोवती पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते. या पेशी बाळाच्या स्वतःच्या असतात, जंतूंपासून राखण करणाऱ्या. राखणदारच घरातल्या माणसावर काठी उगारतो, तसा हा प्रकार.

उंदराच्या नवजात पिल्लांना माकडातला एक रोटाव्हायरस टोचला, की त्यांच्या पित्तनलिका अशाच बंद होतात. त्यातून बरंच कळलं. विषाणू नळीच्या अस्तरात शिरतो. त्याला मारायला 'नॅचरल किलर' पेशी आणि टी पेशी धावतात आणि अस्तराच्या पेशीच फोडतात. टी पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात, त्याने आणखी पेशी गोळा होतात. हे रसायन बनवूच न शकणाऱ्या पिल्लांच्या नळ्या तुंबल्या नाहीत, असं 2004 साली दिसलं. 'नॅचरल किलर' पेशी आधीच काढून टाकल्या तर अस्तर वाचतं, हे 2009 साली दाखवलं गेलं. आणि 'आता पुरे' म्हणून या सगळ्यांना आवरणाऱ्या पेशी पहिल्या काही दिवसांच्या पिल्लात फारच थोड्या असतात. म्हणून विषाणू गेल्यावरही मारहाण चालूच राहते.

उंदरावरून माणसाचं सगळं ठरत नाही. माणसाच्या बाळात सुरुवात कशाने होते, याचं एकच एक कारण सापडलेलं नाही. पण या साखळीत आईच्या दुधाला कुठेही जागा नाही. दुधामुळे लांबणारी कावीळ असते, पण ती निराळी. तिच्यात शी पिवळीच राहते आणि यकृत बिघडत नाही.

आणखी एक गोष्ट उद्या कुणी तुमच्या तोंडावर फेकेल, म्हणून आजच सांगते. अशा काही बाळांच्या यकृतात आईच्या पेशी नेहमीपेक्षा जास्त सापडल्या आहेत. गरोदरपणात आईच्या थोड्या पेशी बाळात जातातच. माझ्या-तुमच्या अंगातही आपापल्या आईच्या असतील. या आजारात त्यांचा हात आहे का, याचा शोध चालू आहे. पण पेशी कुठे जाव्यात, हे काही बाई ठरवत नाही.

मग उपाय काय? मारहाण थांबवायला स्टेरॉइड देऊन पाहिलं. अमेरिकेत 140 बाळांवर झालेल्या चाचणीचा निकाल 2014 साली आला, त्यात ठळक फायदा दिसला नाही. म्हणून भिस्त ऑपरेशनवर. जपानमधल्या सेंदाई इथे डॉ. मोरिओ कासाई यांनी 1955 साली ते प्रथम केलं. खराब नळ्या काढून आतडं थेट यकृताला जोडायचं. ते 60 दिवसांच्या आत झालं तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली. उशीर झाला तर यकृत बदलणं हाच मार्ग उरतो. काहीच केलं नाही तर बहुतेक बाळं दोन वर्षांपलीकडे जगत नाहीत.

आता आपल्याकडचे 60 दिवस मोजा. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. मग कावीळ उतरवणारा, गळ्यात माळ. मग 'कोवळं ऊन दाखवा'.

माझ्याकडे एकदा मुलीचा तुकडा आला, कागदावर वय 110 दिवस. शी खडूसारखी होते, हे तिची आई दुसऱ्या महिन्यापासून सांगत होती. डॉक्टरांनी दोनदा परत पाठवलं. घरात 'मुलीसाठी एवढा खर्च?' अशी चर्चा झाली. रिपोर्ट न्यायला आली तेव्हा बाई मलाच विचारत होती, 'मी पपई खाल्ली होती, त्यानं झालं का?' आजार तिनंच सगळ्यात आधी ओळखला होता आणि अपराधीही तीच ठरली होती.

तैवानने 2004 पासून देशभर प्रत्येक आईच्या हाती शीच्या रंगांचं कार्ड दिलं, जपानने 2012 पासून ते माता-बाल पुस्तिकेत घातलं. तैवानमध्ये त्यानंतर वेळेवर ऑपरेशन होणाऱ्या बाळांचं प्रमाण वाढलं. यंत्र नाही, औषध नाही. आईने पाहिलेलं ग्राह्य धरलं, एवढंच.

कार्ड हातात नसलं तरी डोळे आहेत. दुपट्यावर शी पांढरी, राखाडी किंवा फिक्कट दिसली, लघवीचे गडद पिवळे डाग पडले, कावीळ 14 दिवसांनंतरही राहिली, तर थांबू नका. रक्ताची 'डायरेक्ट बिलिरुबिन' तपासणी करा, असं नाव घेऊन सांगा. दुपटं धुऊ नका, तसंच दवाखान्यात न्या. एकटीचं ऐकत नसतील तर आपल्यातल्या दोघीतिघींनी बरोबर जायचं.

चिठ्ठी लिहिणाऱ्या ताई, मला तुमचं नाव नको. चहाच्या सुट्टीत मी मागच्या खिडकीपाशी थांबते. रिपोर्ट बरोबर असतील तर घेऊन या, आपण मिळून वाचू.